गावच्या राउटरला दुसरी वाट हवी

ग्रामपंचायतींपर्यंत फायबरने इंटरनेट नेणाऱ्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजुरी दिली. तरतूद १,३९,५७९ कोटी रुपयांची. बातम्यांत हा आकडाच गाजला आणि कार्यक्रमातला तांत्रिक बदल मागे पडला. गावांच्या दृष्टीने मात्र खरे महत्त्व त्या बदलाला आहे. तालुक्याच्या ठिकाणी आणि थेट ग्रामपंचायतीत आता आयपी-एमपीएलएस राउटर बसवायचे आहेत. तालुक्यातून निघालेली फायबर केबल शेवटच्या गावात संपवण्याऐवजी दुसऱ्या वाटेने फिरवून परत तालुक्याला जोडायची आहे. अभियंते याला रिंग म्हणतात. भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी या जालना जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या गावांना या बदलाची जेवढी गरज आहे तेवढी ती मुंबई-पुण्याला नाही. मोठ्या शहरात एक केबल तुटली तर दुसरी असते.

पीक विम्याचा अर्ज, सातबाराचा उतारा, रहिवासी दाखला, बँकेच्या शाखेतून काढायचे पैसे, ही सगळी कामे आज एका जोडणीवर अवलंबून आहेत. ती गेली की खिडकीवरचा माणूस 'लिंक नाही' म्हणतो आणि बाहेरगावाहून आलेला शेतकरी दिवसाची मजुरी बुडवून परत जातो. विम्याची शेवटची तारीख असेल तर नुकसान एका दिवसाचे राहत नाही. म्हणून गावात बसणाऱ्या त्या राउटरमध्ये नेमके काय आहे, ते कुठून आले आणि ते काय करू शकत नाही, हे गावाने समजून घेतले पाहिजे. विषय थोडा किचकट आहे, पण आवाक्याबाहेरचा नाही.

एमपीएलएस म्हणजे मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग. त्याचा जन्म १९९० च्या दशकात झाला, संगणकवाले आणि टेलिफोनवाले यांच्यातल्या एका मोठ्या मतभेदातून.

संगणकवाल्यांची रीत इंटरनेटची. पाठवायच्या मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पूर्ण पत्ता लिहायचा आणि सोडून द्यायचे. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. वाटेतला प्रत्येक राउटर पत्ता वाचतो, आपल्या कोष्टकातली त्याच्याशी सर्वांत लांबपर्यंत जुळणारी नोंद शोधतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे देतो. कुठलीही वाट आधी राखून ठेवलेली नसते. १९८१ मध्ये पक्क्या झालेल्या या आयपी, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलच्या, नियमांचे बळ यातच आहे. एखादा राउटर बंद पडला तर उरलेले आपसात निरोप देऊन नवी वाट काढतात, कोणाला विचारावे लागत नाही. उणीवही यातच होती. पॅकेट कधी चाळीस बाइटचे, कधी पंधराशे बाइटचे. प्रत्येकासाठी शोध नव्याने घ्यायचा, आणि त्या काळातले बहुतेक राउटर तो सॉफ्टवेअरने घेत. वाहतूक वाढली की राउटरपुढे रांग लागे.

टेलिफोनवाल्यांची रीत वेगळी होती. आधी वाट पक्की करायची, मग बोलायचे. आवाज, चित्र आणि संगणकाची माहिती एकाच जाळ्यातून नेण्यासाठी त्यांनी एटीएम उभे केले. हे बँकेचे पैसे देणारे यंत्र नव्हे. याचे पूर्ण नाव असिंक्रोनस ट्रान्स्फर मोड. त्यात सगळा मजकूर ५३ बाइटच्या एकसारख्या तुकड्यांत कापला जातो. ५ बाइट मथळ्याचे, ४८ मजकुराचे. या तुकड्याचे नाव सेल. ४८ हा आकडा कुठल्या गणितातून आलेला नाही. अमेरिकेला ६४ हवे होते, युरोपला ३२. शेवटी मधला आकडा ठरला. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ६४ हजार बिट या दराने येतो. त्याने ६४ बाइट भरायला ८ मिलिसेकंद लागतात, ३२ बाइट भरायला ४. तुकडा मोठा तर आवाज उशिरा पोचणार आणि तारेत प्रतिध्वनी ऐकू येणार. युरोपातल्या देशांत अंतरे कमी. तुकडा लहान ठेवला तर प्रतिध्वनी रोखणारी महागडी यंत्रे त्यांना टाळता येत होती. संगणकाच्या माहितीसाठी कोणता आकार सोयीचा, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला. पुढे तो महागात पडला.

सेलच्या मथळ्यात पूर्ण पत्ता नसतो, फक्त एक क्रमांक असतो. स्विचमध्ये सेल आला की त्या क्रमांकाची ओळ कोष्टकात थेट उघडायची, तिथे लिहिलेला नवा क्रमांक सेलवर चढवायचा आणि सांगितलेल्या दारातून बाहेर काढायचा. शोधाशोध नाही, लांबीची भानगड नाही. हे काम चिपमध्ये कोरता येते, त्यामुळे एटीएम स्विच राउटरपेक्षा पुष्कळ वेगवान आणि त्या मानाने स्वस्त होते. स्विचचा वेग आणि राउटरचा शहाणपणा एका यंत्रात आणता येईल का, हा त्या वर्षांतला कळीचा प्रश्न होता.

पहिला प्रयत्न होता आयपीला एटीएमच्या पाठीवर बसवण्याचा. जानेवारी १९९४ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. काम चालले, पण संसार दोन झाले. पत्ते दोन प्रकारचे, वाटा काढण्याच्या पद्धती दोन, आणि दोन्हींची सांगड घालणारी तिसरी यंत्रणा. शिवाय शंभर राउटर एकमेकांना थेट जोडायचे तर ४,९५० वाटा आधी आखून ठेवाव्या लागत. एक दुवा तुटला की राउटरांचे निरोप इतके वाढत की जाळे त्यातच गुरफटून जाई.

तोशिबाच्या जपानी अभियंत्यांनी १९९४ मध्ये सेल स्विच राउटरची कल्पना मांडली आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इप्सिलॉन नेटवर्क्स या छोट्या कंपनीने तिच्याच जवळचा पण अधिक धीट मार्ग धरला. पीटर न्यूमन, टॉम लायन आणि ग्रेग मिनशॉल यांनी एटीएमचे फक्त यंत्र ठेवले आणि त्याच्या डोक्यातली टेलिफोन पद्धतीची सगळी बोलणी काढून टाकली. त्या जागी आयपी बसवले. पहिली काही पॅकेटे नेहमीच्या रीतीने पत्ता वाचून पुढे जात. हा प्रवाह बराच वेळ चालणार, मोठी फाइल येते आहे, असे दिसले की स्विच आपल्या मागच्या शेजाऱ्याला कळवी: या प्रवाहाला अमुक क्रमांक लाव. पुढच्या शेजाऱ्याकडूनही तसाच निरोप आला की दोन क्रमांक आपसात जोडले जात आणि उरलेले सेल पत्ता न वाचता, थेट चिपमधून आरपार जात. एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता विचारणाऱ्या एका ओळीच्या चौकशीसाठी मात्र ही तयारी होत नसे. ती नेहमीच्या वाटेनेच जाई.

इप्सिलॉनची ही योजना तांत्रिक धाडसाचा उत्तम नमुना आहे. आपले सगळे नियम त्यांनी जगापुढे खुले ठेवले. पण तिची मर्यादा लवकर दिसली. वेब पसरले तसे प्रवाह छोटे आणि असंख्य झाले. एका मोठ्या जाळ्याच्या मध्यभागी एकाच वेळी लाखो संवाद चालतात. प्रत्येकासाठी क्रमांक मागायचा आणि सोडायचा तर निरोपांतच शक्ती संपते. सिस्कोने सप्टेंबर १९९६ मध्ये टॅग स्विचिंग जाहीर केले, आयबीएमनेही आपली पद्धत मांडली. या दोन्हींत क्रमांक प्रत्येक संवादाला नव्हता, वाटेला होता. अमुक ठिकाणी जाणाऱ्या सगळ्या पॅकेटांना एकच लेबल. आणि ते वाहतूक येण्याची वाट न पाहता, वाटा ठरतानाच वाटून टाकायचे. मोठ्या जाळ्यात टिकण्यासारखी पद्धत हीच होती. डिसेंबर १९९७ मध्ये नोकियाने इप्सिलॉन १२ कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी इंटरनेटचे नियम करणाऱ्या आयईटीएफने या सर्व पद्धतींतून एक सामाईक नियम घडवायला गट नेमला. जानेवारी २००१ मध्ये एमपीएलएसची रचना अधिकृतपणे प्रसिद्ध झाली.

या संयोगातून पुढे सेल गळून पडला आणि लेबल टिकले. पंधराशे बाइटचे पॅकेट एटीएममधून न्यायचे तर त्याला ८ बाइटची शेपटी जोडून त्याचे ३२ सेल करावे लागतात. तारेवर जातात १,६९६ बाइट. जवळपास तेरा टक्के जास्त, आणि ते प्रत्येक पॅकेटमागे. त्याहून मोठा दोष होता गळतीचा. गर्दीत ३२ पैकी एक सेल टाकून द्यावा लागला तर बाकीचे ३१ निरुपयोगी असूनही शेवटपर्यंत वाहून नेले जात. ॲलिन रोमानोव आणि सॅली फ्लॉइड यांनी १९९५ मध्ये दाखवले की अशा वेळी एटीएमवरून जाणाऱ्या इंटरनेटची उपयुक्त गती फार खाली येऊ शकते. उपायही त्यांनीच सांगितला: स्विचची जागा भरत आली की नव्या पॅकेटचा पहिलाच सेल घेऊ नका, पूर्ण पॅकेट नाकारा. म्हणजे सेलच्या यंत्राला पुन्हा पॅकेटचा विचार शिकवावा लागला.

लहान तुकड्याची गरजही वेगाने संपवली. २ एमबीपीएसच्या तारेवर पंधराशे बाइटचे पॅकेट ६ मिलिसेकंद जागा अडवते, मागे थांबलेल्या आवाजाला ते खुपते. तेच पॅकेट १० जीबीपीएसच्या फायबरवर १.२ मायक्रोसेकंदात निघून जाते. इतक्या वेगात तुकडे बारीक करण्यातून काही मिळत नाही. उलट दर ४२ नॅनोसेकंदांना एक सेल कापायचा आणि पलीकडे जोडायचा, हे काम यंत्राला जड जाते. एमपीएलएसने पॅकेट अखंड ठेवले आणि त्याच्यापुढे चार बाइटचे लेबल लावले. त्यातले २० बिट लेबलच्या क्रमांकाचे, म्हणजे दहा लाखांहून अधिक क्रमांक. दर ४८ बाइटमागे पाच बाइट देण्याऐवजी एका पॅकेटमागे चार.

या सेलचा जालन्याशी संबंध नाही असे मात्र समजू नये. बीएसएनएलने १४ जानेवारी २००५ रोजी ब्रॉडबँड सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत ते जिल्ह्याच्या नि तालुक्याच्या गावांत तांब्याच्या टेलिफोन तारेवरून पोचले. ज्यांनी त्या काळी मोडेम स्वतः जोडला असेल त्यांना दोन खाने आठवतील: व्हीपीआय आणि व्हीसीआय. पहिल्यात ०, दुसऱ्यात ३५ भरले नाही तर इंटरनेट चालत नसे. हे दोन्ही आकडे एटीएम सेलच्या मथळ्यातले क्रमांक होते. घरातला मोडेम आयपी पॅकेटाचे सेल करी, ते तांब्याच्या तारेवरून एक्स्चेंजमध्ये जात, तिथे पुन्हा पॅकेट बने आणि मग ते बीएसएनएलच्या राष्ट्रीय जाळ्यात शिरे. ते जाळे एमपीएलएसवर उभे होते. मोडेमवर ८ एमबीपीएस दिसत असताना फाइल उतरवायला जेमतेम ७ हाती येत, त्यामागे सेलचा तो तेरा टक्क्यांचा वाटा होता. ज्या वादाला जगात निकाल लागला होता, त्याचे दोन्ही पक्ष आपल्याकडे एकाच जोडणीवर काम करत होते: गल्लीत सेल, पाठीच्या कण्यात लेबल. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात गावांसाठी वापरलेले जीपॉन तंत्रही एटीएमवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीचेच पुढचे रूप आहे. त्यात सेलची जागा कमीजास्त लांबीच्या चौकटींनी घेतली.

आता लेबलचा खरा उपयोग पाहू. एमपीएलएस म्हणजे वेगवान इंटरनेट असे कोणी गावात येऊन सांगितले तर ते बरोबर नाही. पत्ता शोधण्याचा वेळ वाचवणे हे लेबलचे मूळ कारण होते, पण ते कधीच संपले. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले प्रदीप सिंधू यांनी स्थापन केलेल्या ज्युनिपर कंपनीने १९९८ मध्ये एम४० हा राउटर आणला. तो सेकंदाला चार कोटी पॅकेटांचा पत्ता चिपमध्येच शोधत होता. त्या दिवसापासून वेगासाठी लेबलची गरज उरली नाही. तरीही लेबल टिकले, कारण पत्ता 'कुठे जायचे' एवढेच सांगतो. लेबलने 'कोणत्या वाटेने' आणि 'कोणाबरोबर' हेही ठरवता येते. एकाच फायबरवर बँकेची वाहतूक, तहसीलची आणि शाळेची वाहतूक एकमेकींना दिसणार नाही अशी वेगळी ठेवता येते. बँकांच्या खेड्यातल्या शाखा मुख्यालयाशी ज्या खासगी जोडण्यांनी बांधलेल्या असतात, त्यांतल्या कितीतरी याच तंत्रावर आहेत.

दुसरा उपयोग गावासाठी मोलाचा. राउटर दोन गावांमधल्या दुव्यासाठी वळणाची वाट आधीच आखून, तिचे लेबल तयार ठेवू शकतो. केबल तुटली की कोणाला न विचारता तो वाहतूक त्या वाटेवर टाकतो. २००५ मध्ये नियमबद्ध झालेल्या या पद्धतीत ५० मिलिसेकंदांच्या आसपास बदल होतो. पीक विम्याचा अर्ज भरणाऱ्याला केबल तुटल्याचे कळणारसुद्धा नाही. जालन्याहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश तेवढे अंतर दोन मिलिसेकंदांत कापतो. अंतराचा अडथळा फायबरला नाही. अडथळा आहे एकाच वाटेचा.

जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरमधून पुढे जातो. टेलच्या शेतकऱ्याला पाण्याचे काय होते ते इथे कोणाला सांगावे लागत नाही. वर कुठेही फुटले, अडले, की खाली कोरडे. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यातली केबल बहुतेक ठिकाणी अशीच, एका रेषेत टाकलेली. तालुक्याजवळ जेसीबीचा एक घाव बसला की पुढची सगळी गावे अंधारात. रिंगचा आग्रह यासाठीच आहे.

पण लेबल वाट निवडते, ती तयार करत नाही. दुसरी केबल जमिनीत नसेल तर जगातला उत्तम राउटर काहीही करू शकणार नाही. आणि इथेच आम्हाला काळजी वाटते. रिंग नकाशावर काढणे सोपे आहे. जमिनीवर जाण्याची आणि येण्याची केबल एकाच चरात, एकाच रस्त्याच्या एकाच कडेने टाकली तर खर्च वाचतो, नकाशावर वर्तुळही पूर्ण दिसते. मात्र एका घावात दोन्ही तुटतात. ही रिंग नव्हे. दोन वाटा वेगवेगळ्या रस्त्यांनी, वेगवेगळ्या पुलांवरून गेल्या तरच तिचा उपयोग आहे.

जालना जिल्ह्यात येत्या वर्षांत खोदकाम कमी होणार नाही. समृद्धी महामार्ग झाला. जालना–नांदेड द्रुतगती मार्गाची आखणी झाली आहे. जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. शिवाय गावोगावच्या पाण्याच्या योजना आणि रस्त्यांची रुंदीकरणे. ही कामे व्हायलाच हवीत. खोदण्याआधी केबलमालकाला कळवण्यासाठी केंद्राने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. ग्रामपंचायतीने गावात खोदणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला ते वापरायला लावले पाहिजे. पाण्याच्या पाइपसाठी चर घेणारा माणूस गावचाच असतो, त्याला सांगणे अवघड नाही.

वीज ही दुसरी बाजू. रिंगमधल्या प्रत्येक गावाचा राउटर शेजारच्या गावाची वाहतूकही वाहतो. एखाद्या गावाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन गावांत भारनियमन झाले आणि बॅटरी उतरलेली असली, तर दोन्ही बाजूंनी जोडलेले ते मधले गावसुद्धा तुटते. म्हणून राउटरची बॅटरी ही एका ग्रामपंचायतीची खासगी बाब राहत नाही. राउटरच्या प्लगवर पंखा किंवा मोबाइलचा चार्जर लावण्याची सवय मोडावी लागेल, आणि कार्यालयाला कुलूप असले तरी राउटरची वीज चालू ठेवावी लागेल. सुधारित कार्यक्रमात दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. मात्र देखभालीचा माणूस तालुक्याहून येईपर्यंतचे तास गावाच्याच हातात असतात.

जिल्हा परिषदेने आणि बीएसएनएलने एक गोष्ट लवकर करावी. प्रत्येक तालुक्यातल्या रिंगचा नकाशा, केबल कोणत्या रस्त्याच्या कोणत्या कडेने गेली आहे त्यासह, पंचायत समितीत लावावा. सुरक्षिततेचे कारण पुढे करून तो दडवण्यात अर्थ नाही. आज केबल तोडणारे बहुतेक जण ती कुठे आहे हे माहीत नसल्यामुळेच तोडतात. जोडणी पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी एक साधी चाचणीही व्हावी: एका बाजूची केबल मुद्दाम काढायची आणि ग्रामपंचायतीतला संगणक चालतो का ते सरपंच, ग्रामसेवकांसमोर पाहायचे. चालला तर रिंग आहे.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आपल्या गावची केबल येते कोणत्या रस्त्याने आणि परत जाते कोणत्या रस्त्याने, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा.